चार सीटांचं विमान, सहा माणसांचं घर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहणारे एक वाचक लिहितात. वय ३९, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. पत्नी आणि ९ व ६ वर्षांच्या दोन मुली. दोन वर्षांपूर्वी प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळालं. आजवर १६५ तास उड्डाण, जवळजवळ सगळं भाड्याच्या सेसना १७२वर. सांगलीहून आई-वडील दरवर्षी पाच-सहा महिने राहायला येतात. ह्यूस्टनला मेहुणा, डॅलसला मित्रांचा गणपती, उन्हाळ्यात समुद्रकिनारा, असं सगळं विमानाने करायचं मनात आहे. समोर तीन पर्याय आहेत. पहिला, १९७८ची सेसना १७२एन, ९२ हजार डॉलर. पॅनल (पायलटसमोरची उपकरणं) जुनं, ते पुढे हळूहळू बदलायचं. दुसरा, १९७६ची सेसना १८२पी, १ लाख २८ हजार, इंजिन म्हातारं. तिसरा, २००४च्या सिरस एसआर२२मध्ये (हिच्यात अख्खं विमान खाली उतरवणारं पॅराशूट असतं) दोघांबरोबर एक तृतीयांश वाटा, ७५ हजार. मित्र म्हणतात, "लहान घे, मग अपग्रेड करत जा." पत्नी म्हणते, "घ्यायचंच असेल तर पॅराशूटवालं घ्या." पत्रात जाता जाता एक ओळ आहे: "मी अजून एच-१बीवर आहे, ग्रीन कार्ड रांगेत आहे." प्रश्न: कोणतं घेऊ?

नमस्कार.

तुम्ही पत्रासोबत तिन्ही विमानांचा तक्ता जोडला आहे. सतरा रकाने आहेत. वेग, तासाला लागणारं पेट्रोल, पॅनल, रंग, अगदी सीटच्या कापडाची अवस्थासुद्धा. फक्त तुमच्या घरच्यांचं वजन कुठे नाही. तो अठरावा रकाना भरला की उरलेल्या सतरांतले निम्मे आपोआप गळून पडतात, म्हणून आधी तो भरू.

मी आकडे अंदाजाने धरतो, तुम्ही बाथरूममधला काटा घेऊन खरे घाला. माणसं कपड्या-बुटांसकट मोजायची, आईंची पर्स धरून. विमानाची पुस्तकं पौंडात असतात म्हणून पौंडात बोलू. तुम्ही १८५, पत्नी १४०, मुली ६८ आणि ४७. झाले ४४०. दोन दिवसांचं सामान ६० म्हणा, एकूण ५००.

आता १७२एन. विमानाचं रिकामं वजन वजा केल्यावर माणसं, सामान आणि पेट्रोल यांच्यासाठी जो भार उरतो त्याला यूसफुल लोड म्हणतात हे तुम्हाला माहीत आहेच. या मॉडेलमध्ये तो साधारण ८५० ते ९०० पौंड असतो. ८६० धरू. टाकी भरली की वापरता येण्याजोगं ४० गॅलन पेट्रोल, गॅलनला ६ पौंड, म्हणजे २४० गेले. उरले ६२०. तुम्ही चौघं ५००मध्ये बसता. छान.

आता मुलींना मागे घरी ठेवा आणि आई-बाबांना बसवा. बाबा १६५, आई १५०, तुम्ही दोघं ३२५. झाले ६४०, आणि अजून एकही बॅग नाही. पण पेट्रोल कमी करता येतं. टाकीत ३० गॅलन ठेवलं तर ६८० पौंड हाती येतात, म्हणजे चार मोठी माणसं आणि ४० पौंडांचं सामान. तासाला नऊ गॅलन धरलं तर तीन तासांहून जास्त उड्डाण. तुमच्याकडून ह्यूस्टनच्या बाजूचं शुगर लँड १२५ नॉटिकल मैलांच्या आसपास आहे, म्हणजे सव्वा तास. नियमाने दिवसा अर्ध्या तासाचं पेट्रोल राखून ठेवायचं असतं, मी तासाभराचं राखतो. तरीही जमतं. म्हणजे जे विमान तुम्ही "फक्त सुरुवातीला" म्हणून पाहताय, ते आज तुमच्या बऱ्याचशा कामाला कागदावर पुरतं.

आता हाच हिशेब एसआर२२ला लावा. २००४च्या विमानाचा यूसफुल लोड साधारण ११०० पौंडांच्या वर असतो, आणि टाकीत ८१ गॅलन मावतात. टाकी भरली की ४८६ गेले आणि उरले सव्वासहाशेच्या आसपास. पूर्ण टाकीला हे विमान १७२इतकीच माणसं उचलतं, फक्त त्यांना बरंच लांब आणि बरंच लवकर नेतं. अर्थात पेट्रोल अर्धंच भरलं तर त्याची ताकद दिसते. पण "महागडं म्हणजे जास्त उचलणारं" हा तुमच्या पत्रातला न बोललेला समज आहे, तो इथे सोडून द्या.

आणि १८२? तिची खासियतच ओझं उचलणं. ११५० पौंडांचा यूसफुल लोड धरला आणि ५५ गॅलन भरले तरी ८२० उरतात. तुमच्या मुली पाच-सहा वर्षांनी मिळून शंभर पौंडांनी वाढलेल्या असतील. तेव्हाही १८२मध्ये कोणाला "तू बॅग घरी ठेव" म्हणावं लागणार नाही.

पण कागदावर बसणं आणि धावपट्टीवरून उचललं जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही टेक्सासमध्ये राहता. फ्रेडरिक्सबर्गचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० फुटांवर आहे. ऑगस्टच्या दुपारी ३८ अंश तापमानाला तिथली हवा ४८०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. १६० अश्वशक्तीचं इंजिन, चार मोठी माणसं, त्यात ही हवा. विमान उडतं, पण ज्या निवांतपणाने चढायला लागतं ते पाहून मागे बसलेली आई तुमच्या खांद्यावर हात ठेवते. हा अनुभव मी घेतला आहे. आईने काही विचारलं नाही, आणि ते न विचारणंच जास्त लागलं. याच कारणाने काही जुन्या १७२मध्ये मालकांनी रीतसर परवानगी घेऊन १८० अश्वशक्तीचं इंजिन बसवलेलं असतं, आणि बऱ्याचदा त्याबरोबर वजनाची मर्यादाही वाढलेली असते. तुमच्या तक्त्यात तसं एकही विमान नाही. शोधा. माझ्या मते तुमच्यासाठी तो चौथा पर्याय आहे, आणि पहिल्यापेक्षा नक्कीच चांगला.

सहा जणांचं काय? तुम्ही "कधीतरी सहा सीटचं" असं लिहिलंय, म्हणजे चेरोकी सिक्ससारखं काही मनात असावं. सहाही जण एकत्र वर्षात किती वेळा जाणार? खरं सांगा. दोनदा? तीनदा? त्या तीन दिवसांसाठी उरलेले ३६२ दिवस मोठं इंजिन, मोठा इन्शुरन्स आणि मोठा हँगर पोसायचा का? त्या तीन वेळा मोठ्या गाडीने जा. नाहीतर आई-बाबांना विमानाने सोडा आणि पत्नी मुलींना घेऊन गाडीने येऊ दे. गणपतीला सगळे एका वेळी पोचलेच पाहिजेत असं कुठे आहे?

वेगाबद्दल एक हिशेब मांडतो, मग तो विषय बंद. शुगर लँडला १७२ने साधारण ६८ मिनिटं, १८२ने ५५, एसआर२२ने ४३. हँगरचं दार उघडणं, विमानाभोवती फिरून तपासणं, पेट्रोलची वाट पाहणं आणि धाकटीला शेवटच्या क्षणी बाथरूमला नेणं, यातच पाऊण तास जातो. तुमच्या अंतरांवर वेगासाठी पैसे मोजण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. कोलोरॅडो किंवा फ्लोरिडा गाठायचं असतं तर वेगळं बोललो असतो.

आता अपग्रेडचं. तुमच्या मित्राचा सल्ला ऐकायला शहाणा वाटतो, कारण घराबाबत तो खरा असतो. आधी वन बीएचके, मग टू. फ्लॅटचं स्वयंपाकघर नवं केलं तर फ्लॅटची किंमत वाढते. विमानाचं तसं नसतं. तुम्ही स्वतःच कोटेशन मागवलंय: दोन डिजिटल डिस्प्ले, जीपीएस आणि ऑटोपायलट, मिळून ५६ हजार डॉलर. ९२ हजारांच्या विमानाला ५६ हजारांचं पॅनल! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. बेरीज १ लाख ४८ हजार होते, म्हणजे तुम्ही "महाग" म्हणून बाजूला ठेवलेल्या १८२पेक्षा वीस हजारांनी जास्त. आणि विकायला काढाल तेव्हा पॅनलच्या खर्चातला निम्मा परत आला तर नशीब समजा. शिवाय दुकानदार "सहा आठवडे" म्हणेल, विमान सहा महिने उघडं पडेल, आणि तोवर हँगरचं भाडं, इन्शुरन्स, कर्जाचा हप्ता सगळं चालूच.

म्हणून ज्याने हौसेने पॅनल बदललं आणि आता डोळे, पाठ किंवा बायको यांपैकी कोणीतरी नाही म्हणतंय म्हणून विकायला काढलंय, त्याचं विमान घ्या. त्याचा तोटा तुमचा फायदा. अशी माणसं बरीच असतात. साठ-सत्तरीतला मालक मोठ्या मनाने सगळं नवं बसवतो आणि तीन वर्षांत विमान विकतो.

पॅनल बदलता येतं. पण पंख किती उचलतो, दारं किती, मागच्या सीटवर उंच मुलीचे गुडघे मावतात का, हे नंतर पैसे ओतून बदलत नाही. म्हणून विमान निवडताना या गोष्टींवर अडून बसा, पडद्यांवर नको. एक डिजिटल गोष्ट मात्र आधीपासून हवी, ती म्हणजे एडीएस-बी आऊट, विमानाची जागा सतत कळवत राहणारं यंत्र. १ जानेवारी २०२०पासून ह्यूस्टन-डॅलससारख्या मोठ्या विमानतळांच्या ३० मैलांच्या परिघात त्याविना जाता येत नाही. तुम्ही नेमके तिथेच जाणार आहात.

बाजारात बहुतेक विमानं १९७०च्या दशकातलीच का, असं तुम्ही वैतागून विचारलंय. कारण त्या दशकात अमेरिकेत लहान विमानं अक्षरशः हजारोंनी बनत होती. नंतर अपघातांचे खटले आणि त्यांच्या इन्शुरन्सचा बोजा इतका वाढला की सेसनाने १९८६मध्ये पिस्टन इंजिनाची विमानं बनवणंच थांबवलं. १९९४मध्ये कायदा झाला की लहान विमान १८ वर्षांहून जुनं असेल तर सहसा कारखान्यावर दावा लावता येणार नाही, आणि त्यानंतर १९९६पासून १७२ पुन्हा बनू लागलं. त्यामुळे मधली दहा वर्षं बाजारात रिकामीच दिसतात. नवीन १७२ आज चार लाख डॉलरांच्या वर आहे. म्हणजे तुमच्या बजेटमध्ये तुमच्याहून थोरलं विमानच येणार. वयाने बिचकू नका. विमान कसं वापरलं गेलं त्याने बिचका.

आणि इथे मला तुमच्या पहिल्या पर्यायाची खरी भीती वाटते. जाहिरातीत लिहिलंय, "ओव्हरहॉलनंतर फक्त ८५० तास." तुम्ही त्यावर खुश आहात, कारण या इंजिनाला २००० तासांनी ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने बांधणं, सुचवलेलं असतं. पण तुम्हीच पाठवलेल्या लॉगबुकच्या फोटोत ओव्हरहॉलची तारीख २००१ची आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ३५ तास, बरीच वर्षं बहुधा त्याहूनही कमी. कारखाना तासांबरोबर १२ वर्षांची मर्यादाही सुचवतो, ती कधीच ओलांडली. लायकॉमिंग कंपनीच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की तेल खाली उतरतं, वर उघडं पडलेलं लोखंड दमट हवेत गंजतं, आणि नंतर त्याच गंजलेल्या पृष्ठभागावर टॅपेट, म्हणजे दांड्याने ढकलले जाणारे भाग, घासत राहतात. १७२एनमधल्या इंजिनाच्या एच२एडी या आवृत्तीचं नाव तर कॅम आणि टॅपेटच्या दुखण्यासाठीच मेकॅनिकांच्या तोंडी आहे. उभ्या राहिलेल्या विमानाचे कमी तास हा सद्गुण नव्हे.

याउलट १८२चं इंजिन सुचवलेल्या १५०० तासांपैकी १४५०वर आहे म्हणून तुम्ही घाबरलात. तुमच्यासारख्या खाजगी मालकाला ती मर्यादा कायद्याने बंधनकारक नाही. शिवाय मालक दर आठवड्याला उडत होता असं त्याच्याच लॉगबुकवरून दिसतं. अशा विमानाचा भाव इंजिन संपलंय असं धरून करायचा. ओव्हरहॉलचे चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर मनात वेगळे काढा, विक्रेत्यापुढे तो आकडा मांडा आणि घासाघीस करा. नंतर ओव्हरहॉल तुमच्या पसंतीच्या दुकानात, तुमच्या डोळ्यांसमोर होतं. विकायला काढण्यापूर्वी घाईघाईने केलेल्या ओव्हरहॉलपेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं. अर्थात १ लाख २८ हजार हा भाव इंजिन धडधाकट असल्याचा आहे. तेवढे देऊ नका.

माझी स्वतःची फजिती सांगतो. १९९९मध्ये आम्ही तिघा मित्रांनी एक चेरोकी १८० घेतली. विक्रेता भला माणूस, त्याचा मेकॅनिकही भला. "गेल्याच महिन्यात ॲन्युअल, वर्षाची तपासणी, झालंय, पुन्हा कशाला पैसे घालता?" आम्हाला पटलं. आठव्या महिन्यात तेलाचा फिल्टर कापला तर आत चमचमणारी धातूची चूर. त्या वर्षी आम्ही उडलो कमी आणि भांडलो जास्त. तेव्हापासून माझा नियम आहे की खरेदीआधीची तपासणी विक्रेत्याच्या मेकॅनिककडून कधीच करून घ्यायची नाही. ते मॉडेल रोज हाताळणारा, विक्रेत्याशी ओळख नसलेला माणूस शोधायचा, मग तो शंभर मैलांवर असला तरी चालेल. त्याला सांगायचं: सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघच, पण बोरोस्कोप (बारीक कॅमेरा) घालून आतून बघ, फिल्टर काप, तेल प्रयोगशाळेत पाठव. १८२ असेल तर फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्रा, नीट बघ, कारण हिचं नाक जड, आणि नाकावर आपटलेल्या लँडिंगची सुरकुती तिथे उमटते. सीटच्या रुळांची भोकं झिजली आहेत का बघ, उड्डाणाच्या वेळी सीट मागे घसरून अपघात झालेले आहेत. १९७६च्या १८२मध्ये पेट्रोल रबरी पिशव्यांत असतं, त्यांना सुरकुत्या पडल्या की त्यात पाणी अडकतं. पेंटिंग कसं आहे ते सगळ्यात शेवटी बघ. आणि त्याच वेळी तुम्ही ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या, म्हणजे अमेरिकी विमानवाहतूक खात्याच्या, नोंदींतून त्या विमानाची पूर्ण फाइल मागवायची. मोठ्या दुरुस्त्या आणि बदल फॉर्म ३३७वर नोंदलेले असतात. लॉगबुकात "किरकोळ दुरुस्ती" आणि फाइलमध्ये नवा पंख, असंही निघतं. टायटलवर कोणाचं कर्ज आहे का, हेही तिथेच कळतं.

आता ती एक ओळ, जी तुम्ही पत्रात सहज लिहून टाकलीत. एच-१बीवर आहात. तर मग या तिन्हीपैकी कोणतंही विमान आज तुमच्या नावावर नोंदवता येणार नाही.

अमेरिकेत विमानाची नोंदणी स्वतःच्या नावावर करायला माणूस नागरिक तरी हवा किंवा ग्रीन कार्डधारक तरी. लायसन्सला ही अट नाही, म्हणून अनेकांचा घोळ होतो. माझ्याकडे अशी पत्रं आधीही आली आहेत, एकाने तर इसारही देऊन टाकला होता. एसआर२२च्या वाट्यातही हीच मेख आहे. तिघांनी कंपनी काढून विमान तिच्या नावे करायचं ठरवलंत, तर ती कंपनी "अमेरिकी नागरिक" ठरायला मतांचा किमान ७५ टक्के हिस्सा नागरिकांकडे हवा. तुमचा एक तृतीयांश वाटा म्हणजे त्यांचे ६६ टक्के. नापास. चौघांत चौथा हिस्सा घेतला आणि बाकी तिघे नागरिक असले तर मतांचा आकडा जुळतो, पण अध्यक्ष नागरिक हवा, संचालकांतले दोन तृतीयांश नागरिक हवेत, अशा आणखी अटी आहेत. दुसरा मार्ग ट्रस्टचा: नागरिक असलेला ट्रस्टी विमान त्याच्या नावे धरतो आणि तुम्ही करार करून वापरता. लोक ते करतात, पण दरवर्षी ट्रस्टीची फी असते, आणि बँकेला व इन्शुरन्सवाल्यालाही ते मान्य असावं लागतं. हे काम इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्याने करू नका, विमानांचे व्यवहार करणारा वकील गाठा.

कायद्यापलीकडचंही बोलतो, रागावू नका. एच-१बीवर नोकरी गेली तर हातात साठ दिवस असतात. घर त्यात विकता येईल, गाडी दोन दिवसांत जाईल. विमान विकायला चार-सहा महिने सहज लागतात, आणि घाईत विकणाऱ्याचा भाव ओळखणारे खरेदीदार सगळीकडे असतात. रांग किती लांब आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तुम्ही थांबावंच असं मी म्हणत नाही, माणसाने आयुष्य रांगेत उभं राहून घालवू नये. पण सगळी बचत एका विमानात घालण्याचा हा काळ नव्हे, एवढं स्पष्ट म्हणतो.

आता घरातल्या दुसऱ्या पायलटबद्दल, म्हणजे तुमच्या शेजारी बसणाऱ्या व्यक्तीबद्दल. तुमच्याच लिहिण्याप्रमाणे दोन वर्षांत पत्नी दोनदा बसल्या, तेही अर्धा-पाऊण तास. थोरली तीनदा. धाकटी एकदा, आणि तिला उलटी झाली. "कौटुंबिक विमान" म्हणून दीड लाख डॉलर खर्च करायला निघालात आणि कुटुंबाचा एकूण अनुभव चार तासांचाही नाही. हे तुमचं स्वप्न आहे आणि सुंदर आहे. पण ते त्यांचंही आहे असं तुम्ही गृहीत धरलंय का, हे एकदा शांतपणे विचारा.

पत्नीची पॅराशूटची मागणी चेष्टेवारी नेऊ नका. सिरसचं पॅराशूट खरंच माणसं वाचवतं. तरी पहिल्या काही वर्षांत या विमानांची अपघातांची नोंद इतरांपेक्षा फारशी चांगली नव्हती. पायलटांना "वेळेत ओढ" हे घोकून घोकून शिकवलं गेलं तेव्हा ती सुधारली. म्हणजे पॅराशूटबरोबर शिस्तही विकत घ्यावी लागते. शिवाय दर दहा वर्षांनी ते नव्याने बांधून घ्यावं लागतं आणि तो खर्च हजारोंत जातो. २००४चं विमान म्हणजे दुसरी पाळी २०२४ची. झाली आहे का? झाली नसेल तर "वाट्या"त तोही खर्च आला. आणि १६५ तासांच्या पायलटला एसआर२२साठी इन्शुरन्स कंपनी बहुधा आधी शिक्षकाबरोबर बरेच तास घालायला सांगेल. भाव ठरवण्याआधी इन्शुरन्सच्या ब्रोकरला फोन करा, नंतर नाही.

पण पत्नीच्या वाक्यामागे पॅराशूट नसावं असं मला वाटतं. "तुम्हाला हवेत काही झालं तर मी आणि मुली काय करू?" हा प्रश्न असावा. त्यावर उपाय स्वस्त आहे. शेजारी बसणाऱ्याला रेडिओ, ऑटोपायलट आणि कसंबसं का होईना उतरवणं शिकवणारे काही तासांचे कोर्स असतात. त्यांना पाठवा, पण तुमच्याशिवाय, वेगळ्या शिक्षकाकडे. नवऱ्याकडून गाडी शिकलेल्यांना विचारा का ते. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा असलेलं यंत्र ठेवा, ते आजच घ्या, भाड्याच्या विमानातही चालतं. आणि तुमची टर्म पॉलिसी उघडून बघा, खाजगी पायलटचा मृत्यू त्यातून वगळलेला असू शकतो. मुलींचं पालकत्व कोणाकडे जाईल हे कागदावर आहे का? नकोसं बोलणं आहे, पण चौघंही एकाच विमानात बसणार आहात.

तर मी तुमच्या जागी असतो तर? लायसन्सनंतर तुम्ही वर्षाला पन्नासेक तास उडता. एवढ्या तासांना मालकी हिशेबात बसत नाही. वर्षाला शंभर तासांच्या आसपास गेल्यावर पारडं झुकू लागतं. भाड्याची खरी अडचण मुक्कामाच्या सहलींना येते, विमान उभं असतानाही रोजचे दोन-तीन तास आकारतात. म्हणून १८२ असलेला क्लब शोधा, ज्यात विमान क्लबच्या नावे असतं आणि तुम्ही फक्त सदस्य असता. २००च्या वर अश्वशक्ती म्हणून शिक्षकाची वेगळी सही लागेल, ती घ्या. पॅनलसाठी राखलेल्या ५६ हजारांतला एक भाग इन्स्ट्रुमेंट रेटिंगवर, म्हणजे ढगांत केवळ उपकरणांच्या भरवशावर उडवण्याच्या परवान्यावर, घाला. नागरिक नसल्यामुळे त्या प्रशिक्षणाआधी टीएसएची (वाहतूक सुरक्षा खात्याची) परवानगी लागते, तुमची आधीची अजून चालते का ते विचारून घ्या आणि तो वेळ धरा. टेक्सासच्या वसंतातली वादळं रेटिंगनेही ओलांडता येत नाहीत, पण किनाऱ्यावरून सकाळी निघताना आडवा येणारा ढगांचा पातळ थर ओलांडता येतो. ढग बघत हॉटेलात बसलेला बाप आणि सोमवारचं ऑफिस, ही जोडी फार वाईट. ढगांत न शिकता शिरल्याने माणसं मरतात आणि त्यांतली कित्येक घरी परतण्याच्या घाईत असतात. रेटिंग मिळेपर्यंत प्रत्येक सहलीत परतीची भाड्याची गाडी आणि सोमवारची सुट्टी आधीच मनात टाकून ठेवा.

वर्षभर असं उडा. तोवर तुमच्या तक्त्यातला अठरावा रकाना खऱ्या सहलींनी भरेल. मग ग्रीन कार्ड हाती असेल किंवा वकिलाने रचना बसवून दिली असेल, तेव्हा पॅनल बसवलेली १८२ किंवा १८० अश्वशक्तीची १७२ शोधा. बिनशिशाच्या पेट्रोलची चिंता तुम्ही लिहिली होती. लहान विमानांत अजूनही चालणारं शिशाचं पेट्रोल २०३०च्या अखेरीपर्यंत बंद करण्याचं उद्दिष्ट आहे. एका बिनशिशाच्या इंधनाला २०२२मध्ये एफएएची मान्यताही मिळाली, पण रंग आणि टाकीच्या सीलंटबद्दल काही मालकांच्या तक्रारी आहेत. त्या कारणाने आज कोणतं विमान घ्यावं किंवा टाळावं असं मला वाटत नाही. १९७६च्या १८२चं इंजिन कमी कॉम्प्रेशनचं, त्यामुळे इंधनाच्या बाबतीत ते सोशीक आहे, एवढा एक गुण तिच्या बाजूने टिपून ठेवा.

आणि धाकटीचं. ती उलटी दुपारी अडीचला झाली, असं तुम्हीच लिहिलंय. टेक्सासमध्ये दुपारी अडीचला मलाही होईल. सकाळी सातला निघा, हवा तेव्हा तळ्यासारखी असते. फ्रेडरिक्सबर्गला विमानतळावरच हँगरसारखं दिसणारं हॉटेल आणि शेजारी डायनर आहे. तिथे नाश्ता करा आणि दहाच्या आत परत या. तिला तिच्या मापाचा हेडसेट घेऊन द्या, मोठ्यांचा घसरतो आणि आवाजाने मुलं घाबरतात. पुढच्या वेळी कुठे जायचं ते तिला ठरवू दे.